मागची पिल्लं कधी मेली, त्यावरून यंदाची कधी बाहेर काढायची ते ठरवा

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: घर सिन्नरजवळ, डिसेंबर चालू, गिरिराज जातीच्या कोंबडीची १०० पिल्लं आज २४ दिवसांची, घरामागच्या खोलीत तुसावर, २ बल्बांखाली. बाहेर १० बाय १२ फुटांचं पत्र्याचं खुराडं तयार आहे, पुढे जाळी मारलेलं अंगण. महिना भरला की पिल्लं बाहेर हलवू का, हा प्रश्न. शिवाय मागच्या खेपेचा हिशेब दिलाय: जाळीच्या पिंजऱ्यात वाढवलेली ६० पिल्लं महिन्याची झाल्यावर बाहेर काढली. पहिल्या दोन रात्रींत ९ गेली. मग आठवडाभर सगळं ठीक. त्यानंतर तीन-चार दिवसांत आणखी १२ गेली, आणि विष्ठेत रक्त दिसत होतं.

हा हिशेब दिलात ते फार बरं केलंत, कारण तुमचं उत्तर त्यातच आहे. ती ९ आणि ही १२ एकाच कारणाने मेलेली नाहीत. पहिल्या दोन रात्रींत जातात ती पिल्लं आजारी नसतात, ती दबून किंवा गारठून जातात. आठवड्याने रक्ती हगवणीने जातात ती जमिनीवर आल्यामुळे. आणि दहा-पंधरा दिवसांनी हिरवट विष्ठा, मान वाकडी, पाय लुळे असं दिसलं असतं, तर मी आधी मानमोडीच्या (राणीखेत रोगाच्या) लशीबद्दल विचारलं असतं. तेव्हा ‘महिना झाला का’ हे कॅलेंडरवर बघून भागणार नाही. बल्ब, अंधार, जमीन, जागा आणि खाद्य या पाच गोष्टी मागच्या वेळी एकाच दिवशी बदलल्या. या वेळी त्या एकेक करून बदलायच्या, आणि रात्रीचा मुक्काम सगळ्यांत शेवटी हलवायचा.

आधी त्या ९ पिल्लांचं बघू. बल्बखालच्या पिल्लांना अंधार माहीतच नसतो. ऊब देणारा दिवाच रात्रभर उजेडही देतो. अशी पिल्लं एकदम काळोख्या, अनोळखी जागेत सोडली की घाबरून एका कोपऱ्यात धाव घेतात, एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. सकाळी कोपऱ्यात चपटी, ओलसर पिसांची, बाकी अंगाने धडधाकट पिल्लं सापडतात ती हीच. त्यात थंडी पडली की ढीग आणखी घट्ट होतो. थंडीच्या लाटेत निफाडचा पारा ५-६ अंशांवर येतो आणि सिन्नर तिथून काही फार लांब नाही. पत्र्याचं खुराडं तर पहाटे ४ ते ६ या वेळात बाहेरच्या हवेइतकंच गार होतं.

म्हणून बल्ब सोडवण्याचं काम जुन्या खोलीतच पुरं करायचं. पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, म्हणजे तुसापासून दोन-तीन इंचांवर, साधा थर्मामीटर टांगा. पहिल्या आठवड्यात तिथे ३५ अंश सेल्सिअस लागतात, पुढे दर आठवड्याला ३ अंश कमी. तुमची पिल्लं आता चौथ्या आठवड्यात आहेत, म्हणजे २६ च्या आसपास पुरे. आजपासून दर दोन दिवसांनी बल्ब ३-४ इंच वर घ्या. मग दिवसा बंद करा. मग संध्याकाळी बंद ठेवून मध्यरात्री ते सकाळी ६ एवढाच लावा. ३५ व्या दिवसापर्यंत तो पूर्ण बंद झाला पाहिजे, आणि त्यानंतर निदान आठ-दहा रात्री पिल्लांनी त्याच खोलीत बल्बाविना झोपायला हवं. कडाक्याची थंडी पडली तर हा हिशेब चार दिवस पुढे ढकला, त्यात काही बिघडत नाही. रोज रात्री पाऊण तास पूर्ण अंधार करायला मात्र आजच सुरुवात करा. वीज गेल्यावर होणारी चेंगराचेंगरीही त्याने टळते.

दोन गोष्टी लगेच तपासा. बल्ब एलईडी असतील तर ते फक्त उजेड देतायत, ऊब नाही. उबेसाठी तारेचे जुने पिवळे बल्बच लागतात, पिल्लामागे साधारण २ वॅट, म्हणजे १०० पिल्लांना पहिल्या आठवड्यात २०० वॅट. आणि बल्ब वायरीवर लोंबकळत ठेवू नका, साखळीने बांधा. तुसावर पडलेला गरम बल्ब आग लावतो. वीज जाते म्हणून काही जण घमेल्यात कोळसे ठेवतात. ठेवायचेच असतील तर पूर्ण निखारे झाल्यावर आत आणा आणि खोलीची वरची झडप उघडी ठेवा, नाहीतर कोळशाच्या वायूने पिल्लांबरोबर माणूसही जायचा.

अंश मोजण्यापेक्षा मी पिल्लांकडे जास्त बघतो. बल्बखाली गठ्ठा आणि चिवचिव म्हणजे थंडी. भिंतीला टेकून चोच उघडी, पंख सैल म्हणजे गरम होतंय. सगळी एकाच बाजूला सरकलेली असतील तर उलट बाजूने वाऱ्याची फट आहे, ती शोधा. लहान पिल्लाचे पाय आपल्या गालाला लावून बघा. पाय गार लागले तर थर्मामीटर काहीही दाखवो, जमीन थंड आहे.

पिसांची परीक्षा वयापेक्षा खरी. पंख आणि शेपटी आधी भरतात आणि आपल्याला वाटतं, झालं पिल्लू मोठं. पिल्लू हातात उताणं धरा आणि छातीवर, मग पंखाखाली फुंकर मारा. पिसं बाजूला होऊन उघडी कातडी किंवा पिवळी लव दिसली, तर ते अजून बल्बावर अवलंबून आहे. मान आणि पंखाखालचा भाग सगळ्यांत उशिरा भरतो. गिरिराज, वनराज अशा जड जातीत हे पाच-सहा आठवडे घेतं, कधी थोडं जास्त. सगळी तपासायची गरज नाही, ठिकठिकाणची १० उचला. त्याच वेळी त्यांचं वजनही करा. सरासरीपेक्षा चौथ्या हिश्शाने किंवा त्याहून जास्त हलकी असतील ती वेगळी काढून आठवडाभर मागे ठेवा. ढिगात खाली सापडतात ती हीच.

आता ती १२. रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सी. हिचे जंतू बहुतेक सगळ्या कोंबड्यांच्या जमिनीत थोडेफार असतातच. तुसावर वाढलेलं पिल्लू पहिल्या आठवड्यापासून ते थोडे थोडे टिपतं आणि त्याच्या आतड्यात प्रतिकार तयार होतो. मागची पिल्लं जाळीवर होती, विष्ठा खाली पडून जात होती, त्यामुळे हा अभ्यास त्यांचा झालाच नाही. मग एकदम ओलसर जमीन भेटली. विष्ठेतून पडलेली या जंतूंची अंडी ऊब आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत पक्व होतात, पिल्लाच्या पोटात गेल्यावर साधारण आठवड्याभरात त्यांची पुढची पिढी बाहेर पडते, आणि रक्त दिसतं ते याच सुमाराला. तुमचा ‘आठवडाभर सगळं ठीक’ हा काळ नेमका तेवढाच आहे.

या वेळी पिल्लं तुसावर आहेत, हे चांगलं. पण तूस कोरडा हवा. मूठभर घेऊन दाबा, हात उघडल्यावर गोळा राहिला तर ओल जास्त आहे. पाण्याच्या भांड्याभोवतीचा तूस रोज बदला, भांडी विटेवर ठेवून त्यांची कड पिल्लाच्या पाठीच्या उंचीला आणा, सांडणं निम्म्याने कमी होतं. बाकीचा तूस रोज सकाळी खालीवर करा. खोलीत उकिडवं बसून, पिल्लाच्या उंचीवर दोन मिनिटं श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर अमोनिया साठलाय, आणि पुढची सर्दी त्यातूनच येते.

तुमचं अंगण मात्र मागच्या बॅचचंच आहे, आणि ही खरी अडचण. कॉक्सीची अंडी सावलीच्या, ओलसर मातीत महिनोन् महिने टिकतात. फिनेल मारून ती मरत नाहीत. त्यांना मारतं ते ऊन, कोरडेपणा आणि आग. खुराड्यातला जुना तूस, शेण-माती सगळं खरवडून लांब टाका, जमीन कोबा असेल तर धुऊन पूर्ण वाळवा आणि ब्लोलँपने जमिनीवरून, भिंतीच्या खालच्या फूटभर भागावरून ज्योत फिरवा. मग चुन्याचा हात द्या. चुना वाळून पांढरा झाल्यावरच वर २-३ इंच नवा तूस. अंगणातली पाणवठ्याजवळची आणि दाराजवळची माती दोन-तीन इंच खरवडून काढा, तिथेच सगळ्यांत जास्त विष्ठा पडलेली असते. बाकी अंगण कुदळीने उलटंपालटं करून पुढचे दहा-अकरा दिवस, पिल्लं तिथे जाईपर्यंत, कडक वाळू द्या. डिसेंबरचं ऊन त्याला पुरेसं आहे. हाच प्रश्न जुलैत आला असता तर मी ‘अंगण विसरा, पिल्लं आतच ठेवा’ असं सांगितलं असतं.

खाद्याच्या गोणीवर एकदा नजर टाका. बऱ्याच कंपन्यांच्या चिक स्टार्टरमध्ये (लहान पिल्लांच्या खाद्यात) कॉक्सीला रोखणारं औषध मिसळलेलं असतं. पिल्लं बाहेर काढली त्याच दिवशी गोणी संपली, घरचा भरडा किंवा ग्रोअर (त्यापुढच्या वयाचं खाद्य) सुरू झाला, की संरक्षण नेमकं गरजेच्या वेळी सुटतं. म्हणून स्टार्टर पिल्लं नऊ आठवड्यांची होईपर्यंत पुरेल असा साठा करा आणि बदल नंतर, पाच-सात दिवसांत एकेक हिस्सा वाढवत करा. रक्त दिसलंच तर अँप्रोलियम पाण्यातून, डॉक्टर सांगतील त्या प्रमाणात आणि तितके दिवस. त्या काळात बी-कॉम्प्लेक्सचं टॉनिक देऊ नका. अँप्रोलियम जंतूंना बी-१ जीवनसत्त्व मिळू देत नाही, आणि आपण तेच पाण्यातून ओतत राहिलो तर औषध वाया जातं. ‘अशक्त झालीत’ म्हणून दोन्ही एकाच भांड्यात घालणारे पुष्कळ आहेत.

लशींचं तुम्ही काहीच लिहिलं नाही, म्हणून नेहमीचा क्रम धरून सांगतो. मरेक्स हॅचरीत पहिल्या दिवशी, लासोटा (मानमोडीचीच लस) ५ ते ७ व्या दिवशी डोळ्यात थेंब, गंबोरो १४ च्या सुमारास, लासोटाची दुसरी मात्रा २८ च्या सुमारास. पुढे देवीची लस सहाव्या-सातव्या आठवड्यात आणि मानमोडीची आर-टू-बी इंजेक्शनने आठव्या आठवड्यात किंवा थोडी नंतर. तुमच्या भागातल्या पशुवैद्यकीय दवाखान्याचं वेळापत्रक एखाद-दोन दिवस मागेपुढे असेल, तेच पाळा. नियम एवढाच की लस आणि मुक्काम बदलणं यांच्यात सहा-सात दिवसांचं अंतर हवं, कारण दोन्हींचा ताण असतो. पाण्यातून लस देताना नळाचं क्लोरीनचं पाणी नको. विहिरीच्या थंड पाण्यात लिटरला ५ ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर विरघळवा, दोन तास पिल्लं तहानलेली ठेवा, आणि मिसळलेली लस दोन तासांच्या आत संपेल एवढंच पाणी करा. लशीची कुपी दुकानापासून घरापर्यंत बर्फात. खिशात घालून आणलेली लस टोचली काय, न टोचली काय, सारखंच.

आता हे सगळं तुमच्या पिल्लांच्या वयावर बसवू. २८ व्या दिवशी लासोटा. ३५ ला बल्ब बंद. त्याच दिवसापासून दव वाळल्यावर, म्हणजे सकाळी दहा-साडेदहानंतर, क्रेटमध्ये भरून अंगणात न्यायची: पहिल्या दिवशी तासभर, मग वाढवत चारपर्यंत, आणि ऊन उतरायच्या आत परत खोलीत. रोज थोडा वेळ कोरड्या जमिनीवर, यातच कॉक्सीचा अभ्यास बेताने होतो. पहिले दोन-तीन दिवस २०-२५ पिल्लांचा गट न्या, मग सगळी. ४२ ला देवीची लस. रात्रीचा मुक्काम ४९-५० व्या दिवशी. नवीन जागेत आठ-दहा दिवस रुळली की आर-टू-बी, आणि खाद्य बदल त्याच्याही नंतर. उन्हाळी बॅच असती तर याच गोष्टी मी दोन आठवडे आधी केल्या असत्या. तिथे थंडीची भीती नसते, दुपारच्या पत्र्याची असते.

हिरवा पाला सुरू केलात की बारीक कच किंवा धुतलेली जाडसर वाळू एका थाळीत वेगळी ठेवा. दात नसलेल्या पोटाला गवत दळायला ती लागते. ती नसेल तर लांब गवताचा गोळा गळ्याखालच्या अन्नपिशवीत अडकतो. लसूणघास, शेवग्याचा पाला बोटाच्या पेराएवढा चिरून द्या.

खुराड्याच्या रचनेत तुम्ही लिहिलेली एक गोष्ट मला खटकते: ‘सगळीकडून पत्रा लावून बंद केलंय’. थंडी अडवण्यासाठी हवा बंद करायची नसते. खाली दीड फूट भिंत किंवा पत्रा, त्यावर जाळी, आणि जाळीवर गोणपाटाचे पडदे. पडदा खालून वर ओढायचा आणि वरची फूटभर जागा रात्रीही उघडी ठेवायची. वारा पिल्लांच्या अंगावरून जात नाही, वाफ आणि अमोनिया वरून निघून जातात. सगळं बंद केलेल्या खुराड्यात सकाळी पत्र्याच्या आतून पाणी ठिबकतं, तूस ओला होतो, आणि मग सर्दी व कॉक्सी दोघांचीही सोय होते. जागा १२० चौरस फूट आहे, ती १०० पिल्लांना तीनएक महिने पुरेल. पूर्ण वाढलेल्या पक्ष्याला दोन चौरस फूट लागतात, म्हणजे तोवर नर विकून संख्या ६० वर आणायला हवी.

जाळी कुठली लावलीय? षटकोनी पातळ कोंबडी-जाळी पिल्लं आत ठेवते, पण कुत्रा ती फाडतो. जमिनीपासून तीन फुटांपर्यंत अर्ध्या इंची वेल्डमेश लावा. मुंगूस आणि रानमांजराला दाराखालची दोन बोटांची फट मिळाली तरी पुरते, आणि घूस खालून उकरते. जाळी फूटभर जमिनीत गाडा, किंवा दीड फूट बाहेरच्या बाजूला आडवी पसरून वर दगड-माती टाका. उकरणारं जनावर भिंतीलगतच उकरतं, थोडं मागे सरून नाही, म्हणून हा दुसरा उपायही चालतो. अंगणावरून मासेमारीचं जुनं जाळं ताणलं की घार आणि शिक्रा दोघांचाही बंदोबस्त होतो.

चारही कोपरे पुठ्ठा किंवा जुना पत्रा वाकवून गोल करा, फूट-दीड फूट उंचीपर्यंत. कोपरा नसला की ढिगाला टेकू मिळत नाही. फूटभर उंचीवर दोन इंच जाडीचे बांबू बसवा, पिल्लामागे निदान अर्धा फूट लांबी धरून. बांबू आजच जुन्या खोलीत टाकून ठेवलेत तर पिल्लं आपणहून बसायला शिकतील. बांबूवर झोपणारी पिल्लं दबून मरत नाहीत.

हलवायचं ते पहाटे. बरेच जण संध्याकाळी हलवतात, कारण अंधारात पकडणं सोपं जातं. पकडा अंधारातच, पण पहाटेच्या अंधारात, आणि फटफटताना नवीन जागेत सोडा. मग पाणी कुठे, खाद्य कुठे, बसायचं कुठे हे बघायला त्यांना सगळा दिवस मिळतो. पंख किंवा एक पाय धरून उचलू नका, दोन्ही हातांनी पंख दाबून धरा. एका क्रेटमध्ये १५ च्या वर नकोत. खाद्याची आणि पाण्याची भांडी जुनीच न्या. लाल-पिवळी ओळखीची भांडी दिसली की पिल्लं लगेच चोच घालतात, नव्याकोऱ्या स्टीलच्या भांड्याकडे दुपारपर्यंत बघत नाहीत. आदल्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस पाण्यात इलेक्ट्रोलाइट.

पहिले तीन दिवस दार उघडायचंच नाही. जागा आपली वाटली पाहिजे. चौथ्या दिवशी दुपारी तीनला, पोट जरा रिकामं असताना सोडा आणि पाच वाजता डबा वाजवून आत खाद्य टाका. संध्याकाळचं खाद्य कायम आतच. पहिल्या तीन रात्री एक छोटा मंद दिवा, इथे एलईडी चालेल, कारण ऊब नकोय. रात्री नऊला आणि अकराला बॅटरी घेऊन जा. कोपऱ्यात गठ्ठा दिसला तर हाताने एकेक उचलून बांबूवर ठेवा. दोन-तीन रात्रींत त्यांना सवय लागते.

जुन्या कोंबड्यांमध्ये सोडू का, असं तुम्ही शेवटी ओझरतं विचारलंय. नको. दिसायला निरोगी जुनी कोंबडी जंत, उवा, सर्दी आणि कॉक्सी सगळं बाळगून असते, आणि चोचही मारते. निदान १४-१६ आठवड्यांची होईपर्यंत वेगळं अंगण, वेगळी भांडी. रोज आधी पिल्लांचं काम आटपा, मग मोठ्यांचं, आणि मधे चपला बदला.

एवढं करूनही एखाददुसरं जाईल. एका दिवसात तीनच्या वर गेली तर औषधाच्या दुकानात न जाता ताजं मेलेलं पिल्लू पिशवीत घालून, बाहेरून बर्फ लावून, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. फ्रीजरमध्ये गोठवू नका, गोठलेल्या आतड्यावरून काही कळत नाही. सोबत कागदावर लिहून न्या: वय, शेवटची लस कधी, खाद्य कोणतं, जागा कधी बदलली, पहिलं कधी गेलं. बाकीची मेलेली उघड्यावर किंवा ओढ्यात न टाकता खोल खड्ड्यात चुना घालून पुरा. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड ठेवा.